‘विंटेज’ म्हणजे जुने नव्हे

संपादक महोदय,
जुन्या गाडीपासून आजीच्या साडीपर्यंत हल्ली सगळेच ‘विंटेज’. मूळ शब्द मात्र द्राक्षतोडणीचा. लॅटिनमध्ये ‘विनम’ म्हणजे वाइन, ‘डेमेरे’ म्हणजे काढून घेणे. त्यातून ‘विन्डेमिया’, मग फ्रेंच ‘वांदांज’ आणि पुढे हे इंग्रजी रूप. म्हणूनच वाइनच्या बाटलीवरचे साल, म्हणजे तिचे ‘विंटेज’, तोडणीचे असते, बाटली भरल्याचे नव्हे. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ ला फळछाटणी (फळ धरण्यासाठीची छाटणी) केलेल्या बागेचा माल फेब्रुवारी २०२४ मध्ये उतरला, तर साल २०२४. युरोपीय संघात साल छापायचे तर किमान ८५ टक्के द्राक्षे त्याच हंगामाची लागतात. अनेक सालांचे मिश्रण असलेल्या शॅम्पेनवर सालच नसते. थोडक्यात, यंदाच्या वाइनलाही विंटेज असते. पंढरपूरच्या बेदाण्याला ते कोणी विचारत नाही, एवढेच!

– एक वाचक, सोलापूर