शनिवारच्या काबेझोन ड्राइव्हबद्दल, सगळ्यांनी नीट वाचा

मंडळी, न्यू मेक्सिकोतल्या काबेझोन या ज्वालामुखीच्या सुळक्याकडे जायला शनिवारी सकाळी सातला अल्बुकर्कीहून निघायचंय, सात म्हणजे सातच, कारण जुलैत इथे दुपारनंतर कधीही ढग भरून येतात. हायवे ५५० ने सॅन यसिड्रोच्या पुढे गेलं की डावीकडे काउंटी रोड २७९ लागतो, पुढे डांबर संपतं आणि कच्चा रस्ता सुरू होतो. कोरडा असेल तर एकदम सोपा आहे, पहिल्यांदाच येणाऱ्यांनीही बिनधास्त या, फक्त सेडान नको, गाडी थोडी उंच हवी.

पण पाऊस झाला तर तिथली माती म्हणजे नुसता चिकट चिखल. मागच्या वर्षी माझ्या चाकांच्या वरच्या खोबणीत ती इतकी गच्च बसली की चाकच फिरेना, टायरच्या खाचासुद्धा दिसत नव्हत्या, स्क्रूड्रायव्हरने खरवडत बसलो दोन तास. म्हणून आदल्या रात्री पाऊस झाला तर ड्राइव्ह रद्द, कृपया कोणी आग्रह करू नका.

माणशी चार लिटर पाणी, चांगली स्टेपनी, हवा भरायचा पंप आणि फुल टाकी हवीच, आणि तिथे रेंजच्या भरवशावर राहू नका त्यामुळे मॅप आधीच डाउनलोड करा. काबेझोनचं ओसाड गाव खाजगी मालकीचं आहे, आत शिरायचं नाही, गेट दिसलं तर जसं होतं तसंच ठेवायचं, आणि रस्ता सोडून गाडी अजिबात घालू नका, इथल्या वाळवंटात चाकोऱ्या वर्षानुवर्षं बुजत नाहीत हो.

समुद्रसपाटीपासून ७,७८५ फूट उंचीचा तो सुळका मात्र लांबूनच दिसायला लागतो, मुलांना नक्की आणा. कोण येतंय ते गुरुवारपर्यंत कळवा.