तुझा फोन का उचलला नाही

कोल्हापूर,
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

प्रिय अन्या,

स. न. वि. वि. असं लिहिलं की तुझं डोकं फिरतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

दसऱ्यानंतर तुझे अकरा फोन आले आणि मी एकही उचलला नाही. मोबाइलनं सगळे मोजून ठेवलेत, बापूंच्या उधारीच्या वहीसारखे. तुला वाटलं असेल, हा शहाण्णव सालचं मढं उकरून बसलाय. तसं काही नाही मर्दा. तब्येत बरी. साखर जरा वर, वैजू भात चमच्यानं मोजून वाढते. तब्येतीचं संपलं.

आता खरं कारण. ते सरळ सांगायला तोंड होत नाही, म्हणून विमानातनं फिरून येतो. तू तोवर चहा टाक.

दिवाळी झाल्यावर फ्लाइंग क्लबचं सेसना १७२ विमान घेऊन कोल्हापूरला आलो. एकटा नव्हे. तीन महिने उडालो नव्हतो, त्यामुळं शेजारी इन्स्ट्रक्टर. सव्वीस वर्षांची पोरगी, इचलकरंजीची. जमिनीवर मला काका म्हणते, हवेत सर. वारणा ओलांडली, उजवीकडं जोतिबाचा डोंगर आला, त्याच्या पलीकडं पन्हाळा, खाली नुसता ऊस. गुऱ्हाळांचा धूर सरळ वर चाललेला, म्हणजे वारा नाही. ज्या कुंपणाला सायकली टेकून आपण मंत्र्याच्या विमानाची वाट बघायचो, त्या उजळाईवाडीच्या मैदानात मी वरनं उतरणार होतो. १९३९ साली राजाराम महाराजांनी हा विमानतळ केला म्हणून शिंदे सर छाती फुगवून सांगायचे आणि आपण मागच्या बाकावरनं वहीच्या पानांची विमानं सोडायचो. एक सरांच्या टकलावर उतरलं होतं. ते तुझं होतं, मार मी खाल्ला, हे या निमित्तानं पुन्हा नोंदवतो.

तर विमानतळाच्या टॉवरनं रेडिओवर वारा सांगितला, रनवे झिरो सेव्हन सांगितला आणि क्यूएनएच सांगितलं. क्यूएनएच म्हणजे हवेच्या दाबाचा आकडा. तो अल्टिमीटरमध्ये बसवला की समुद्रसपाटीपासूनची उंची बरोबर दिसते. मी ऐकलं आणि ठणठणीत आवाजात परत म्हटलं, "वन झिरो वन नायनर."

टॉवर म्हणाला, "निगेटिव्ह. वन झिरो वन फाइफ."

मी पुन्हा, तितक्याच ठणठणीत, "वन झिरो वन नायनर."

क्षणभर रेडिओवर कोणीच बोललं नाही. मग पोरीनं तिचं बटण दाबून बरोबर आकडा सांगितला आणि हात लांब करून माझ्यासमोरचा नॉब फिरवला. मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

१०१९ आणि १०१५ यांत फरक चार हेक्टोपास्कलचा, म्हणजे उंचीत शंभर-सव्वाशे फूट. माझ्या आकड्यावर गेलो असतो तर अल्टिमीटर दाखवतोय त्याच्यापेक्षा आम्ही तेवढे खाली. लख्ख उजेडात त्यानं कोणी मरत नाही, धावपट्टी डोळ्यांना दिसतेच. पण गंमत बघ. इंग्रजी फाइव्ह आणि नाइन रेडिओवर सारखे लागतात, म्हणून तर पाचाला फाइफ आणि नवाला नायनर म्हणायचं जगभर ठरलंय. एवढी सोय करून ठेवलेली आणि मला दोन्हीत नुसता मधला ‘आय’ ऐकू येत होता. अलीकडचं-पलीकडचं इंजिनानं खाल्लेलं. आणि आपल्याला नीट ऐकू आलं नाही हे मला कळलं होतं, अन्या. कळून मी अंदाज मारला. दोनदा.

ही अंदाजाची सवय पाच-सात वर्षांची आहे. समोरच्याचा आवाज शेवटी वर गेला तर प्रश्न, मग "बघू की". खाली आला तर "हो हो". तो हसला तर आपण हसायचं. लग्नात, बँकेत, कारखान्यात, सगळीकडं खपतं. काय ऐकलंस ते म्हणून दाखव, असं जमिनीवर कोणी म्हणत नाही. रेडिओवर मात्र ऐकलेलं परत म्हणावंच लागतं, आणि चुकलं तर तिथल्या तिथं निगेटिव्ह. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझा पेपर तपासला आणि मी दोन्ही प्रश्नांत नापास.

घरात तर रोजचा तमाशा. वैजू म्हणाली सहाला निघायचं, मी साडेसहाला निवांत दाढी करतोय. सहा आणि दहा यांत फरक पहिल्या अक्षराचा, आणि नेमका तो ‘स’ माझ्या कानातनं गळालेला. मला ‘अहा’ एवढंच येतं. पुढं मी माझ्या सोयीचं लावून घेतो.

शेवटी राजारामपुरीत कान तपासून घेतले. आलेखाची रेष सुरुवातीला बरी चालते आणि ४००० हर्ट्झला विहिरीत पडल्यासारखी खाली जाते, मग ८००० ला जरा वर. ऑडिओलॉजिस्ट बाईंनी कागद बघितला, मला बघितलं आणि विचारलं, "फाउंड्री का?" हा खड्डा त्यांनी शिरोलीपासून गोकुळ शिरगावपर्यंतच्या किती कानांत बघितला असेल कोण जाणे.

आता म्हण. म्हणून घे. फेटलिंगला, म्हणजे ओतीव माल घासायच्या कामाला, इअर मफ आणूया म्हणून तू शहाण्णव साली भांडलास. आठ तासांना नव्वद डेसिबलची मर्यादा दाखवायला कायद्याचं पुस्तक आणलंस. मी म्हणालो, ग्राइंडरच्या आवाजावरनं पोरगं काम करतंय का झोपलंय ते मला केबिनमध्ये बसून कळतं, कान झाकून धंदा कसा करायचा? ते पुस्तक कोअर ओव्हनवर ठेवून मी चहा प्यायलो. भागीदारी त्याच्यावरनं सोडली नाही असं तू अजून म्हणतोस. मी मानत नाही. आज नॉकआउटपासून शॉट ब्लास्टिंगपर्यंत सगळे मफ घालतात. माझ्या पोरानं आणले. ही कल्पना मूळ कोणाची, ते त्याला मी परवा सांगितलं. उशीर झाला, माहीत आहे.

डिसेंबरात मशीन घेतलं. कानामागं बसतं, बारीक वायर आत जाते. घरी आलो तर फ्रिज ओरडतोय, चपला ओरडताहेत, फोडणीत कढीपत्ता पडला तर मी दचकलो. वैजूच्या बांगड्या वाजतात हे मी विसरलोच होतो. वाटलं, सुटलो. शनिवारी क्लबात गेलो, इंजिन सुरू केलं, हेडसेट घातला आणि कानात अशी शिट्टी वाजली की मीच "कोण हाय?" म्हणून वळलो.

झालं असं, की माझा हेडसेट जुना, हिरवा डेव्हिड क्लार्क. तो आवाज अडवतो तो नुसत्या दाबानं. डोक्याला चिमटा, कानावर उशी. उशी घट्ट बसली तरच उपयोग. इथं कानामागं मशीन आणि चष्म्याची काडी, उशी उचलली गेली आणि फटीतनं इंजिन आत. मशीनचा माइक उशीखाली घासून खरखर. त्यात कानातनं निसटलेला आवाज कपावर आपटून परत मशीनच्या माइकात, तिथनं मोठा होऊन पुन्हा कानात. गॅदरिंगला पम्या माइक घेऊन कर्ण्यासमोर उभा राहिल्यावर व्हायची तीच शिट्टी.

मग मशीन खिशात टाकलं आणि हेडसेटचा आवाज पूर्ण वाढवला. त्यानं सगळंच सारखं वाढतं. माझे खालचे आवाज शाबूत, मला हवेत वरचे, स, फ, त. मिळाला नुसता घुमा. पोरगी बोलली की कान फाटायचा आणि शब्द एक कळायचा नाही. मिरवणुकीत ढोलाला चिकटून उभं राहून पत्ता विचारल्यासारखं.

तिसऱ्या शनिवारी तिनं आपला हेडसेट माझ्या डोक्यावर ठेवला, बोसचा, आवाज मारणारा. हिशेब ऐक, तुला आवडेल. मिनिटाला २४०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला चाळीस. चार सिलिंडर, फोर स्ट्रोक, म्हणजे सेकंदाला ऐंशी ठोके. पंख्याला पाती दोन, तोही ऐंशीच. हा खालचा घुमा वरच्या बारीक आवाजांवर पसरतो आणि त्यांना झाकतो. हेडसेटच्या कपातला माइक तो घुमा टिपतो आणि बरोबर उलटी लाट कानात सोडतो. चढाला उतार भेटला की सपाट. १९७८ साली झुरिकहून बोस्टनला येताना अमर बोसना विमानातल्या हेडफोनवर गाणं नीट ऐकू येईना, तर त्या माणसानं सीटवर बसूनच याचं गणित मांडलं. १९८९ ला वैमानिकांचा हेडसेट बाजारात आला. बंगाली बापाचं पोरगं. आपण १९७८ ला दहा वर्षांचे, रंकाळ्यात म्हशींच्या पाठीवर.

बटण दाबलं आणि इंजिन जिना उतरून तळघरात गेलं. मशीन नसतानाही टॉवरचं बोलणं पंधरा आणे कळायला लागलं. पण राहिलेला एक आणा म्हणजे नेमकं पाच का नऊ.

म्हणून दोन्ही हेडसेट घेऊन पुन्हा बाईंच्या दारात. वेटिंगमधल्या म्हाताऱ्या माझ्याकडं बघताहेत, याला म्हणे एवढी मोठी मशीनं लागतात. मोबाइलवर इंजिनाचा आवाज आणि टॉवरचं रेकॉर्डिंग नेलं होतं. हेडसेट चढवून तिथंच ऐकत बसलो आणि बाई कॉम्प्युटरवर बदल करत होत्या. मशीन आपल्या बुद्धीनं गोंगाट कमी करतं, ते बंद केलं, कारण इंजिन दाबायच्या नादात ते रेडिओवरचं बोलणंही दाबत होतं. समोरचाच आवाज घ्यायची सोय बंद, कपाच्या आत कसलं समोर आणि मागं. अगदी वरची पट्टी थोडी उतरवली, शिट्टी थांबली. आता मशीनचं बटण दाबून तीन टिक ऐकू आले की विमानाचा प्रोग्राम. बोसचा कप खोल आहे, मशीन त्यात दबत नाही आणि उशीही बऱ्यापैकी बसते. एकाच वेळी एक यंत्र खालचं कमी करतंय, दुसरं वरचं वाढवतंय. आपल्या भागीदारीपेक्षा बरं जमलंय दोघांचं.

गेल्या शनिवारी उडालो. दाब, वारा, रनवे, सगळं पहिल्या खेपेला बरोबर. पोरीनं अंगठा दाखवला. मी इतका खूश की येताना पेठ नाक्यावर गाडी थांबवून एकट्यानं दोन प्लेट भजी खाल्ली.

त्याच संध्याकाळी पम्या भेटला. चहा झाल्यावर म्हणाला, "दिन्या, अन्यानं आक्का पडल्याचं सांगितलं तर तू पार्टी मागितलीस म्हणे?"

अन्या, मला आठवतोय तो फोन. दसऱ्याची संध्याकाळ, मी कारखान्याच्या दारात उभा, मागं कॉम्प्रेसर चालू. तुझा आवाज आला, शेवट खाली गेला. ‘आक्का’ कळलं, ‘ऑपरेशन’ कळलं नाही, ‘झालं’ कळलं. मला वाटलं आक्कांचा पंच्याऐंशीचा वाढदिवस झाला. मी म्हणालो, "वा! झकास! पार्टी पाहिजे." तू "बरं" म्हणालास आणि फोन ठेवलास. काहीतरी चुकलंय हे मला त्या ‘बरं’मध्ये कळलं होतं. ते शंभर टक्के ऐकू आलं होतं. विचारलं नाही. आणि मग तुझा फोन आला की हात पुढं जाईना. पम्या म्हणतो पहिले दोन फोन शिव्या द्यायला होते, बाकीचे काळजीनं. शिव्यांचे दोन उचलले असते तर बरं झालं असतं.

खुबा बदलला, आता काठी घेऊन अंगणात फिरतात असं तो म्हणाला. आक्कांच्या हातच्या धपाट्यांवर मोठा झालेला मी, आणि मी पार्टी मागितली. आठ दिवस हेच डोक्यात आहे. आणखी कोणाकोणाला काय काय "हो हो" म्हटलंय? गेल्या वर्षी कारखान्यातला सदाशिव केबिनमध्ये येऊन खाली मान घालून काहीतरी बोलला, मी "करू करू" म्हणालो आणि महिन्यानं तो काम सोडून गेला. त्याच्या गावाला जाऊन विचारणार आहे.

जूनमध्ये उडायच्या परवान्याची मेडिकल आहे. डॉक्टर दोन मीटर मागं, आपली पाठ, शांत खोली, आणि साधं बोलणं दोन्ही कानांनी कळलं पाहिजे. मागच्या वेळी डॉक्टरांचा आवाज खर्जातला होता, निम्मं ऐकून आणि निम्मं अंदाजानं निभावलं. हे वैजूलाही माहीत नाही. या वेळी मशीन आणि आलेख दोन्ही आधी टेबलावर ठेवणार, मग काय म्हणायचं ते म्हणू देत. लिहायला सोपं जातंय. रात्री झोप लागत नाही.

तुझं काय? गुडघा कसा आहे? मीरा जर्मनीत रुळली का, थंडी फार असेल. नाशिकचं जुनं घर विकलंस का ठेवलंस? द्राक्षं मिळाली होती, गोड होती, कळवायचं राहिलं.

फोन करू नकोस. मशीन असलं तरी फोनवर अजून माझा भरवसा नाही, पुन्हा काहीतरी बोलून बसेन. दसऱ्याला तू काय काय बोललास ते आठवून लिहून पाठव, आक्का कुठं पडल्या, कोण होतं जवळ, तू किती रात्री बसलास, सगळं. मी ते माझ्या अक्षरात परत लिहून पाठवतो. तू तपास. चुकलं असलं तर निगेटिव्ह म्हण, मी पुन्हा लिहीन.

तुझा,
दिन्या

ता. क. भडंग पाठवलाय. आक्कांना तिखट चालत नसेल तर मीराच्या आईला दे, तू एकट्यानं संपवू नकोस.