बॅटरी बदलण्याआधी अर्थिंग तपासा

मा. संपादक,

पावसाची झड लागली की मुंबईतल्या सोसायट्यांच्या आवारात सकाळी सकाळी जुन्या व्हॅनना धक्के बसू लागतात. शाळेची मुले गेटवर खोळंबलेली, ड्रायव्हर घामाघूम, आणि भोवती जमलेल्या चौघांपैकी तिघांचा निकाल ठरलेला: ‘बॅटरी गेली.’ दुपारपर्यंत नवी बॅटरी बसते, गाडी काही दिवस चालते आणि पुन्हा तेच. नव्या बॅटरीत दम जास्त, म्हणून खरा दोष, बहुधा गंजलेले अर्थिंग (करंटची बॅटरीकडे परतायची वाट), तेवढे दिवस झाकला गेला, इतकेच.

इथल्या जुन्या व्हॅन म्हणजे बऱ्याचशा मारुती ओम्नी. १९८४ मध्ये ती आली, २०१९ मध्ये उत्पादन थांबले. ७९६ सीसीचे इंजिन पुढच्या सीटखाली. म्हणजे सर्वांत तरुण ओम्नीनेही आता बरेच पावसाळे काढलेले आहेत. पुढचे लिहिणे तिला धरून आहे, पण बारा व्होल्टच्या कोणत्याही जुन्या गाडीला हिशेब हाच लागू पडतो.

लॅमिंग्टन रोडवर मिळणारा साधा डिजिटल मल्टिमीटर या कामाला पुरतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२ च्या खाली म्हणजे आधी चार्जिंग, मग बाकीच्या गप्पा. नुकतीच चार्जरवरून काढली असेल तर दोन मिनिटे हेडलाइट लावून बंद करावेत आणि मग मोजावे, नाहीतर आकडा फुगलेला येतो. अर्थात उभ्या गाडीतला हा आकडा बॅटरी किती भरली ते सांगतो, तिच्या अंगात किती ताकद आहे ते नाही. ताकद कळते सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी स्टार्टर मोटर) मारताना. भरलेल्या बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवरच त्या वेळी ९.६ च्या खाली आकडा घसरला, तर बॅटरी खरोखर थकली आहे किंवा सेल्फ आतून जाम होऊन भरमसाट करंट ओढतो आहे. उलट खुंट्यांवर ११ टिकून आहेत आणि तरी सेल्फ रडतो आहे, तर बॅटरीला दोष देऊ नये. वीज वाटेत मरते आहे.

कशी मरते ते पाहा. अशा गाडीचा सेल्फ १०० अँपिअर ओढतो असे धरू. वाटेत कुठे फक्त ०.०२ ओहमचा अडथळा असला तरी २ व्होल्ट तिथेच गेले. हा अडथळा मल्टिमीटरच्या ओहमच्या खाचेत दिसत नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच अडथळा त्याहून जास्त असतो. म्हणून वायर ‘कंटिन्युटी देते (म्हणजे तुटलेली नाही), ठीक आहे’ असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. सेल्फ चालू असतानाच व्होल्ट मोजायला हवेत.

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. इंजिन सुरू होऊ नये म्हणून कार्बोरेटरच्या गाडीत कॉइलची मधली जाड वायर डिस्ट्रिब्युटरमधून (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) काढून इंजिनला अर्थ करावी. एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी पेट्रोल फवारणारे इंजेक्शन) असेल तर पेट्रोल पंपाचा फ्यूज काढावा. सहकाऱ्याने चावी पाच सेकंद फिरवायची, मग अर्धा मिनिट विश्रांती. मीटर २० व्होल्टच्या खाचेत ठेवून एक टोक पॉझिटिव्हच्या खुंटीवर, दुसरे सेल्फच्या जाड बोल्टवर. टोक खुंटीवरच टेकवावे, तिच्यावरच्या क्लॅम्पवर नाही. खुंटी आणि क्लॅम्प यांच्यामधली पांढरी-हिरवी बुरशी हाच पुष्कळदा चोर असतो. सेल्फ फिरत असताना इथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा नको. मग निगेटिव्हच्या खुंटीपासून थेट इंजिनच्या उघड्या धातूपर्यंत. इथे ०.२, फार तर ०.३.

मुंबईत ही दुसरी मोजणीच बहुधा गुन्हेगार पकडून देते. वरळी, माहीम, वर्सोव्याची खारी हवा आणि चार महिने ओलसर राहणारा गाडीचा तळ यांमुळे इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थची पट्टी बोल्टखाली गंजते. वरून ती धडधाकट दिसते. पट्टीने वाट दिली नाही की करंट दुसरी वाट शोधतो आणि अॅक्सिलरेटर, चोक किंवा क्लचच्या केबलमधून धावतो. सेल्फ मारल्यावर केबल कोमट लागली, तर मीटरचीही गरज उरली नाही. खात्री हवी असेल तर जंपर केबलचे एक टोक निगेटिव्हला आणि दुसरे इंजिनच्या एखाद्या जाड बोल्टला लावावे. सेल्फ झपकन फिरला की निकाल लागला. पट्टी काढून दोन्ही जागा पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासाव्यात, दातेरी वॉशर घालून आवळावे आणि वरून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावावी. आधी ग्रीस लावून मग आवळणारे कारागीर पाहायला मिळतात. क्रम उलटा करू नये.

चावी फिरवल्यावर येणारा आवाजही बोलतो. ‘टक-टक-टक’ अशी झड म्हणजे कमी व्होल्ट किंवा सैल टर्मिनल. एकच ठणठणीत ‘टक’ आणि पुढे शांतता म्हणजे सोलेनॉइडचे (सेल्फला जाड करंट जोडून देणारा विजेवरचा स्विच) आतले काँटॅक्ट जळाले किंवा कार्बन ब्रश संपले. सेल्फच्या अंगावर हलकी थाप मारून तो फिरला तर ब्रशच. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुना सेल्फ उचलण्याआधी ब्रश बदलून पाहावेत. आवाजच नसेल तर सोलेनॉइडच्या बारीक वायरीवर चावी फिरवताना किती व्होल्ट येतात ते बघावे. बॅटरीवर १२ आणि इथे ७-८ असतील तर इग्निशन स्विच झिजला आहे. इंजिन सीटखाली तापते म्हणून सकाळी सुरू होणारी गाडी दुपारी गरम असताना रुसते, ती पुष्कळदा याचमुळे. स्विच बदलावा, नाहीतर चार पिनचा रिले (चावीच्या बारीक करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच) घालावा; पिनांवर छापलेल्या आकड्यांप्रमाणे ८६ ला चावीची वायर, ८५ ला अर्थ, ३० ला बॅटरीवरून ३० अँपिअरच्या फ्यूजमधून चार चौरस मिलिमीटरची वायर, ८७ वरून सोलेनॉइड.

सेल्फ जोरात फिरतो पण गाडी पकडत नाही, हे वेगळे दुखणे. सीएनजी बसवलेल्या कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलच्या वाटेवर विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह असतो. किटचा फ्यूज उडाला की पेट्रोलही बंद आणि गॅसही बंद. किटची वायर पुष्कळदा कॉइलच्या पॉझिटिव्हवर नुसती पिळून वर टेप मारलेली असते. तो जोड आधी बघावा, सोल्डर करून स्लीव्ह चढवावी. वायरींना हात लावण्यापूर्वी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करावा, हे सांगायला नको, तरी सांगतो.

दोन दिवस उभी राहिली की मरणाऱ्या गाडीत करंट कुठेतरी गळतो आहे. निगेटिव्ह काढून मधे मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावावा. अशा जोडणीत सेल्फ मात्र चुकूनही मारू नये, मीटर जळेल. दारे बंद, चावी बाहेर. ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक. अर्धा अँपिअर गळत असेल तर दिवसाला १२ अँपिअर-तास गेले, म्हणजे ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तिसऱ्या दिवशी संपली. एकेक फ्यूज काढत आकडा कधी पडतो ते पाहावे. सगळे फ्यूज काढूनही पडला नाही, तर संशय अल्टरनेटरच्या (चालत्या गाडीत बॅटरी चार्ज करणारे जनित्र) डायोडवर. उंदरांनी कुरतडलेली वायरही विसरू नये.

हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यात बंद पडलेल्या गाडीला यातले काहीही लागू नाही. तिथे सेल्फ मारूच नये, धक्काही नको. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. निगेटिव्ह काढून गाडी ओढून न्यावी आणि आधी प्लग काढून पाहावेत.

बॅटरी घ्यायचीच वेळ आली, तर जुनी काढण्याआधी दुकानदाराला सेल्फ मारतानाचा आकडा खुंट्यांवर दाखवायला सांगावे. दाखवणार नसेल तर शेजारचे दुकान गाठावे.

– एक ऑटो-इलेक्ट्रिशियन, लालबाग, मुंबई