विनाशिकांच्या सुट्या भागांसाठी कोल्हापूरच्या फौंड्र्यांचा विचार व्हावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

युद्धनौकांच्या स्वदेशीकरणाची चर्चा बहुतेक वेळा नव्या नौकेच्या जलावतरणापुरती होते. पुढची तीन-चार दशके तिला लागणारे सुटे भाग कुठून आणायचे, हा प्रश्न मागेच राहतो.

राजपूत वर्गाचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. सोव्हिएत काशिन वर्गावर बेतलेल्या राजपूत, राणा, रणजित, रणवीर आणि रणविजय या पाच क्षेपणास्त्रवाहू विनाशिका मिकोलाइव्ह येथे बांधल्या गेल्या आणि १९८०पासून टप्प्याटप्प्याने आपल्या नौदलात आल्या. १९९१मध्ये सोव्हिएत संघ फुटला, मिकोलाइव्ह युक्रेनमध्ये गेले, शस्त्रास्त्रांचे अनेक कारखाने रशियात राहिले आणि एकाच नौकेसाठी वेगवेगळ्या देशांचे दरवाजे ठोठावण्याची वेळ आली. तरीही ‘राजपूत’ २०२१पर्यंत, म्हणजे ४१ वर्षे, सेवेत राहिली; याचे श्रेय नौदलाच्या अभियंत्यांना आणि गोदीतल्या कारागिरांना आहे. माझगाव गोदीत बांधलेल्या विशाखापट्टणम वर्गाची मुख्य टर्बाइनेही मिकोलाइव्हच्याच झोर्या कारखान्याच्या घराण्यातली आहेत आणि २०२२पासून ते शहर युद्धाच्या झळा सोसत आहे.

टर्बाइनची पाती कोल्हापूरजवळच्या शिरोलीत बनतील, असे मी म्हणणार नाही. पण समुद्राच्या पाण्याच्या पंपांचे इंपेलर (पाणी ढकलणारे फिरते चक्र), केसिंग (पंपाचे बाहेरचे कवच), व्हॉल्व्हच्या बॉडी ही ओतकामाची, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून करायची कामे आहेत, आणि शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल येथे ओतकाम जाणणारे हात भरपूर आहेत. अडचण वेगळीच आहे. झिजलेला इंपेलर मोजून नवा ओतला, तर झीजही नव्या भागात उतरते. म्हणून मूळ ड्रॉइंग हवे. असे भाग बहुधा निकेल-ॲल्युमिनियम ब्राँझचे असतात. हा धातू ओतताना जरा खळबळला तरी ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडची साय आत अडकते आणि कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, दाबचाचणीत गळते. शिवाय तो थंड होताना बिडापेक्षा (कास्ट आयर्नपेक्षा) जास्त आकसतो, त्यामुळे बिडासाठी केलेला पॅटर्न (ज्यावरून साचा घेतात तो नमुना) इथे चालत नाही. आमच्याकडे मुख्यतः बिडाचे काम होते, हेही मान्य केले पाहिजे. ब्राँझ शिकावे लागेल आणि ते शिकण्याची आमची तयारी आहे.

खरा अडसर संख्येचा आहे. मोटारींसाठी हजारो नग ओतले जातात, तर विनाशिकेला वर्षाकाठी एखाद-दुसराच नग लागतो, आणि अशा वेळी पॅटर्न व कोअर बॉक्सचा (भागातली पोकळी घडवणाऱ्या साच्याचा) खर्च कास्टिंगपेक्षा जास्त होतो. सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला काम देण्याच्या पद्धतीत लहान फौंड्रीला हा खर्च निघत नाही. सृजन या संकेतस्थळावर संरक्षण खात्याने आयात भागांच्या याद्या दिल्या, हे चांगलेच झाले. पण याद्या पाहून कोणी पॅटर्न करायला घेत नाही. नौदलाने पॅटर्नचा खर्च स्वतंत्रपणे द्यावा, पॅटर्न स्वतःच्या मालकीचे ठेवावेत, पात्र कारखान्यांना ड्रॉइंग आणि धातूचे प्रमाण द्यावे, आणि क्ष-किरण व दाबचाचणीची सामायिक सोय कोल्हापुरातच करावी. निवृत्त नौकांवरचे न वापरलेले भाग भंगारात जाण्याआधी मोजमापासाठी मिळाले, तर मोठेच काम होईल.

जिल्ह्यातील लोकप्रतिनिधींनी आणि उद्योजकांच्या संघटनांनी ही मागणी नौदलाच्या स्वदेशीकरण विभागाकडे एकत्रितपणे मांडावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक फौंड्रीचालक, शिरोली, कोल्हापूर