मॅक्रो प्रोग्रामिंग मराठीतून शिकवावे

महोदय,

बेळगावच्या उद्यमबागेतील एका कारखान्यात मी सीएनसी (संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या) यंत्रांचे प्रोग्राम लिहितो. आमच्याकडे वर्तुळावर समान अंतराने भोके असलेले फ्लँज (नळ्या वगैरे जोडायच्या चकत्या) सतत येतात, आणि अजूनही कित्येक ठिकाणी बारा भोकांसाठी बारा ओळी हाताने टाइप केल्या जातात. गिऱ्हाइकाने आठ भोके मागितली की सगळे आकडे पुन्हा काढायचे. फॅनक कंपनीच्या नियंत्रकावरील कस्टम मॅक्रोमध्ये, म्हणजे थेट आकड्यांऐवजी चल वापरून लिहिलेल्या प्रोग्राममध्ये, त्रिज्या #१ आणि भोकांची संख्या #२ या चलांत ठेवली, तर ३६० ला संख्येने भागून कोन मिळतो, कोसाइनने एक्स व साइनने वाय निघतो आणि व्हाइल लूपमध्ये (अट खरी असेपर्यंत त्याच ओळी पुन्हा चालवणाऱ्या आज्ञेत) भोक पाडण्याची एकच ओळ पुरते.

मात्र मोजणीचा चल लूपमध्ये एकाने वाढवायचा मी एकदा विसरलो आणि ड्रिल त्याच भोकात पुन्हा पुन्हा उतरत राहिले. तेव्हापासून नवा लूप मी आधी सिंगल ब्लॉकवर (एकेक ओळीनंतर थांबत), जॉबच्या म्हणजे यंत्रावरील तुकड्याच्या वर हवेतच चालवतो. शिवाय #१०० पासूनचे चल वीज गेली की सामान्यतः रिकामे होतात, #५०० पासूनचे टिकतात. हा फरक नवख्या ऑपरेटरला ठाऊक असलाच पाहिजे.

खानापूर, निपाणीकडून येणारी, मराठी शाळांत शिकलेली मुले त्रिकोणमितीत मुळीच कच्ची नसतात. इंग्रजी मॅन्युअल पाहूनच ती बिचकतात. सीमाभागातील आयटीआयमध्ये हा विषय यंत्रासमोर उभे करून, मराठीतून समजावला जावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक सीएनसी प्रोग्रामर, बेळगाव