त्रुटी काढा, पण एकदाच काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी एस.टी.तून वाहक म्हणून निवृत्त झालो. जळगाव जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेच्या हद्दीत माझा आणि थोरल्या भावाचा सामाईक प्लॉट आहे. १२ बाय २७, म्हणजे ३२४ चौरस मीटर. १९९६ साली आम्ही दोघांनी पी.एफ.मधून उचल घेऊन तो मंजूर लेआउटमध्ये घेतला. भाऊ आता नाही. खाली वहिनी आणि वर आम्ही, असे घर बांधायचे ठरले. त्यासाठी बांधकाम परवानगी, कायद्याच्या भाषेत विकास परवानगी, मागितली. अर्ज यंदा १२ फेब्रुवारीला दाखल झाला. आज पोळा होऊन गेला तरी परवानगी नाही. नकारही नाही, हे महत्त्वाचे. नकार आला असता तर निदान अपील तरी करता आले असते.

अर्जाला लागते ते सगळे जोडले होते : खरेदीखत, ७/१२, भावाच्या वारसांचा फेरफार, मोजणीची 'क' प्रत म्हणजे भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा, आणि आर्किटेक्टचा नकाशा. २६ दिवसांनी पहिली त्रुटी निघाली. ७/१२ तीन महिन्यांच्या आतला हवा आणि मोकळ्या प्लॉटच्या कराची थकबाकी नसल्याचा दाखला हवा. आठवड्याभरात दिले. त्यानंतर २२ दिवसांनी दुसरी : सर्व सहधारकांचे संमतिपत्र जोडा. पुतण्या चाकणला कंपनीत आहे. रात्रीची गाडी धरून आला, सह्या केल्या, नोटरी केली आणि दुसऱ्या रात्री परत गेला. एक दिवसाचा पगार कापला गेला. २१ एप्रिलला तेही कागद आत गेले.

तिसरी त्रुटी ३६ दिवसांनी आली. लेआउटमध्ये प्लॉटची रुंदी १२ मीटर, मोजणीत ११.९० भरते, कमी क्षेत्र धरून नकाशा सुधारा. आता खरे सांगायचे तर ही त्रुटी रास्त होती. आर्किटेक्टनेही मान्य केली, बाजूची मोकळी जागा पुन्हा आखून दिली. पण 'क' प्रत तर फेब्रुवारीपासून फायलीत होती! चार इंच कमी आहेत हे दिसायला मे महिना का उजाडावा लागला?

चौथीवर हसावे की रडावे ते कळेना. '१९९६ च्या मंजूर लेआउटच्या आदेशाची प्रत सादर करावी.' तो लेआउट मंजूर कोणी केला, तर याच नगरपालिकेने. रेकॉर्डला नक्कल मागायला गेलो, तर गठ्ठा सापडत नाही असे उत्तर. म्हणजे त्यांच्या घरात हरवलेला कागद मी माझ्या घरातून आणून द्यायचा. शेवटी लेआउटमधल्या एका गुरुजींनी १९९९ मध्ये कर्ज काढून घर बांधले होते, त्यांच्या बँकेच्या फायलीत कार्बनची प्रत निघाली. एक कोपरा वाळवीने खाल्लेला, पण जावक क्रमांक आणि गोल शिक्का शाबूत. गुरुजींनी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिली आणि झेरॉक्स काढून होईस्तोवर माझ्याशेजारी उभे राहिले.

आता मूळ मुद्दा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४५ मध्ये साठ दिवसांची मुदत आहे. तेवढ्यात निर्णय कळवला नाही, तर प्रस्ताव नियमात बसत असल्यास परवानगी मिळाली असे मानले जाते. हे ऐकून मला हुरूप आला होता. आर्किटेक्टने पुढची ओळ वाचून दाखवली : हे साठ दिवस अर्जाच्या तारखेपासून किंवा त्रुटीचे उत्तर मिळाल्याच्या तारखेपासून, यातले जे नंतरचे असेल तेथून मोजायचे. मग मी कॅलेंडर घेऊन बसलो. तिकिटांचा हिशेब जन्मभर केला आहे, तारखांचा काय अवघड! २६, २२, ३६ आणि चौथी त्रुटी आली ती ५६ व्या दिवशी. बेरीज १४०. पहिल्या तीन त्रुटींची उत्तरे द्यायला मला मिळून ३४ दिवस लागले. माझी फाईल १४० दिवस त्यांच्या टेबलावर होती आणि कायद्याच्या हिशेबात साठ दिवस एकदाही भरले नाहीत. यात कोणी पैसे मागितले नाहीत, उर्मटपणे बोलले नाहीत. तिथला लिपिक भला माणूस आहे, पाणी विचारतो. कलम ४५ ची मुदतही कोणी मोडलेली नाही. मला तेच टोचते.

लोकसेवा हक्काच्या २०१५ च्या कायद्याखाली अपील करीन म्हणालो, तर नगरपालिकेत सांगितले, "काका, त्रुटी काढली आहे ना, मग मुदत कुठे संपली?" मानीव परवानगीवर काम सुरू करावे म्हटले, तर गृहकर्जासाठी बँक शिक्क्याचा नकाशा मागते.

उशिराची खरी किंमत शहरातल्या माणसाला कदाचित कळणार नाही. आमची जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा लागतो आणि ते खोदकाम पावसाळ्यात करता येत नाही, कडा ढासळतात. म्हणून आमच्याकडे अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नारळ फोडायचा आणि मृगाआधी जोते वर काढायचे. महिनाभराचा उशीर इथे महिन्याचा राहत नाही, हंगाम जातो. वहिनी भाड्याच्या दोन खोल्यांत आहेत. भेटले की एकच विचारतात, "भाऊ, घर कवय व्हई?" घर कधी होणार?

आमच्याच रस्त्याला दोघांनी परवानगीच्या भानगडीत न पडता घरे उभी केली. मला त्यांचा राग नाही. विनापरवाना प्लॉट आणि घरे नियमित करणाऱ्या २००१ च्या गुंठेवारी कायद्याची मुदत २०२१ मध्ये वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली गेली, तशी पुन्हा वाढेल असा त्यांचा हिशेब. रांगेत उभा मी, आणि शहाणे ते!

डेपोत रात्री कॅश भरताना वेबिलात, म्हणजे वाहकाच्या हिशेबाच्या कागदात, चूक निघाली तर कॅशियर सगळ्या चुका एकाच चिठ्ठीवर लिहून देत असे. आज दहा रुपये कमी, परवा पुन्हा बोलावून पंचिंग चुकले, असे त्याने केले असते तर गाड्या सुटल्याच नसत्या. परवानगीच्या कामातही फाईल आली की पंधरा दिवसांत सगळे कागद एकदा तपासावेत आणि असतील तेवढ्या त्रुटी एका पत्राने द्याव्यात. नंतर शंका काढायची ती दिलेल्या उत्तराबद्दलच. जो कागद पहिल्या दिवसापासून फायलीत आहे, त्याच्यावर नव्याने त्रुटी काढून साठ दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजू नयेत. त्रुटी आज फक्त आर्किटेक्टच्या लॉगिनवर दिसते, तिचा संदेश मालकाच्या मोबाईलवरही यावा. यासाठी विधानसभेत जायची गरज नाही, मुख्याधिकाऱ्यांचे एक परिपत्रक पुरे. कलम ४५ मधली ती ओळ बदलायची तर मात्र आमदार साहेबांनी मनावर घ्यावे.

चौथ्या त्रुटीचे उत्तर मी २५ ऑगस्टला दिले. साठ दिवस २४ ऑक्टोबरला भरतात. पाचवी निघालीच तर कशाची असेल, असे आर्किटेक्टना विचारले. ते म्हणाले, "७/१२ ची. तुम्ही मार्चमध्ये दिलेला आता जुना झाला."

आपला,
एक निवृत्त वाहक, जळगाव जिल्हा