नायट्रोजनवाल्या मॅडमना

मॅडम,

तुमचं नाव लिहीत नाही. ‘नाव घालणार असाल तर पत्रच नको,’ असं तुम्ही बजावलंत. तुमचा चढलेला आवाज मी एकदाच ऐकलाय, पुन्हा ऐकायची हौस नाही. ओळखणारे ओळखतील. आमच्या घरात तुम्ही ‘नायट्रोजनवाल्या मॅडम’ आहात, तेवढंच इथेही पुरे.

२०१९ साली माझी लेक २१ वर्षांची होती. हॉजकिन्स, म्हणजे लसीका ग्रंथींचा कॅन्सर, एकदा केमोने गेला होता, तो परत आला. या वेळी जबर डोस द्यायचा, मग तिच्याच मूळ पेशी तिला परत चढवायच्या, असं ठरलं. डॉक्टर म्हणाले, वाचायची आशा चांगली आहे, पण एवढ्या औषधाने अंडाशय बहुतेक संपतील. मला त्यातलं फक्त ‘वाचायची आशा’ ऐकू आलं. त्याच दिवशी तुम्ही फाईल घेऊन आलात, तेव्हा खरं सांगते, मला तुमचा राग आला. पोरगी राहते की जाते कळत नाही, आणि ही बाई नातवंडांच्या गोष्टी करतेय! तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. खुर्ची तिच्याकडे वळवलीत आणि तिलाच विचारलंत.

स्त्रीबीजं गोठवायची तर दहा-बारा दिवस इंजेक्शनं घ्यावी लागतात, तेवढा वेळ नव्हता. म्हणून अंडाशयच गोठवायचं. दुर्बिणीतून ऑपरेशन करून एक काढायचं आणि त्याचा फक्त वरचा थर ठेवायचा. जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा. मी मनात म्हटलं, म्हणजे भाकरीचा पापुद्राच की. जन्माला येताना मुलगी जी बीजं घेऊन येते, ती याच पापुद्र्यात झोपलेली असतात, हे मला पन्नाशीत कळलं. ‘काढा,’ लेक म्हणाली. तिसऱ्या दिवशी तो पापुद्रा बारीक तुकड्यांत, उणे १९६ अंशांवर, तुमच्या टाकीत होता. सही करताना तुम्ही ब्रसेल्सच्या बाईंची हकिकत सांगितलीत. १९९७ साली गोठवलेले तुकडे परत बसवले आणि २००४ मध्ये मुलगी झाली. त्या बाईंनाही हॉजकिन्सच होता. मी काळाचौकीत वाढले. १९८६ च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या परळला, केईएममध्ये टेस्ट ट्यूबमधली हर्षा जन्मली, तेव्हा आमच्या चाळीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. त्यामुळे असलं काही होऊ शकतं यावर माझा विश्वास बसायला फार वेळ लागला नाही. विमा कंपनीचा मात्र शेवटपर्यंत बसला नाही.

मग २०२० आलं. लोकल बंद. तुम्ही डोंबिवलीला, टाकी इथे. द्रवरूप नायट्रोजन सारखा उडत राहतो, टाकीत भर घालत राहावंच लागतं, नाहीतर आतलं सगळं वितळतं. हे तेव्हा मला ठाऊकच नव्हतं. आम्ही दार लावून भाज्या धूत बसलो होतो. तुम्ही अत्यावश्यक सेवेच्या बसच्या रांगेत तास-तास उभ्या राहून टाकी भरायला येत होतात, हे मला दोन वर्षांनी वॉर्डातल्या मावशींकडून कळलं. जूनच्या मध्यावर तुमच्यासारख्यांसाठी लोकल सुरू झाली तेव्हा तुम्ही पेढे वाटलेत म्हणे. विचारलं तर म्हणालात, ‘तुमची एकटीची थोडीच होती टाकी.’

पण हे पत्र खरं त्या इंजेक्शनांसाठी लिहितेय.

गेल्या वर्षी लेकीचं लग्न झालं. बसवलेला तुकडा काही वर्षंच काम करतो, तेव्हा मूल हवंसं वाटेल तेव्हाच बसवा, हे तुमचंच सांगणं. एक तुकडा आधी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतलात, त्यात कॅन्सरच्या पेशी लपल्या नाहीत ना म्हणून. एप्रिल २०२५ ची तारीख ठरली. मधल्या काळात कोणाच्या तरी सल्ल्याने आम्ही आणखी एका ठिकाणी मत घ्यायला गेलो. तिथे सांगितलं, तुकडा बसवल्यावर त्याला रक्तपुरवठा चांगला व्हावा म्हणून हार्मोनच्या इंजेक्शनांचा कोर्स करून घ्या. कागदावर रक्कम लिहून दिली. मी पतपेढीत पस्तीस वर्षं आकडे मांडलेली बाई, पण त्या दिवशी व्हाउचरसुद्धा मागितलं नाही. सरळ जाऊन मुदतठेव मोडली.

तुम्हाला सांगितलं तेव्हा तो चढलेला आवाज ऐकला. मग तुम्हीच ‘सॉरी हं काकू’ म्हणालात, कॅन्टीनचं बिल उलटं केलंत आणि चित्र काढायला बसलात.

तुम्ही म्हणालात, हे आंब्याचं कलम समजा. मी अडवलं. माझं माहेर संगमेश्वरकडचं. कलमात खोडाला खोड जुळवून बांधतात, रसाची वाट आयती मिळते. ‘इथे रक्तवाहिन्या जोडता का तुम्ही?’ नाही, तुम्ही म्हणालात, तुकडा नुसता ठेवायचा, वाहिन्या आपणहून आत येतात. ‘मग ही भाताची लावणी झाली,’ मी म्हटलं. उपटलेलं रोप चिखलात खोचलं की चार दिवस पिवळं पडतं, मूळ धरलं की हिरवं होतं. तुम्ही पेन खाली ठेवलंत आणि म्हणालात, ‘आता मी सगळ्यांना हेच सांगणार.’

ते पिवळे दिवसच घातक. मानवी तुकडे उंदरांत बसवून पाहिले, तेव्हा पहिले पाचेक दिवस आत ऑक्सिजन जवळजवळ पोचतच नव्हता. गोठवण्यात जेवढी फॉलिकल, म्हणजे बीजांच्या इवल्या पिशव्या, जातात त्याच्या कितीतरी पट या उपाशी दिवसांत मरतात, निम्म्याहून जास्त. म्हणून जगभरचे संशोधक तिथेच डोकं लावून बसलेत. आम्हाला सुचवलेलं हार्मोन, एफएसएच, हे त्यातलंच एक. ते वाढीला लागलेल्या फॉलिकलच्या पेशींना जागं करतं, त्या पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात, आणि त्याने जवळच्या रक्तवाहिन्यांना नवे फाटे फुटतात. उंदरांवरच्या काही प्रयोगांत अशी इंजेक्शनं दिल्यावर वाहिन्या जास्त दिसल्या, फॉलिकल जास्त वाचली. ‘कल्पना खुळी नाही काकू,’ तुम्ही दोनदा म्हणालात. दुसऱ्या डॉक्टरांना तुम्ही नावं ठेवली नाहीत, हे मी मनात टिपून ठेवलं.

मग तुम्ही लेकीचा रिपोर्ट पुढे केलात. एफएसएच सत्तरच्या पुढे. अंडाशय उत्तर देत नाही म्हणून मेंदूखालची ग्रंथी बहिऱ्याला हाका माराव्यात तशी ओरडतेच आहे, आणि त्यात बाहेरून आणखी ओरडून काय होणार? शिवाय झोपलेल्या फॉलिकलना त्या हाकेचे कानच नसतात, ते वाढीला लागल्यावर फुटतात. आणि पहिल्या दिवसांत औषध तुकड्यापर्यंत जाणार तरी कुठून? जाणार रक्तातूनच, आणि रक्ताची तर वाट अजून व्हायची आहे. मी हट्टाने विचारलं, ‘पण घेतलं तर बिघडेल का?’ तुम्ही पटकन ‘नाही’ म्हणाला असतात तर मी घेतलंच असतं. तुम्ही म्हणालात, हाक थेट ऐकू येत नसली तरी आडवाटेने झोपलेली बीजं एकदम उठली, तर ठेवा लवकर सरतो अशीही भीती आहे. माणसांत याचा डोस, दिवस, काहीच सर्वमान्य ठरलेलं नाही. ‘माझी बहीण असती तर मी या कोर्सला पैसे भरले नसते. पुढेमागे चांगला पुरावा आला तर मीच फोन करेन.’

सर्जननी ब्रसेल्सची जुनी युक्ती वापरली. आठवडाभर आधी दुर्बिणीतून पोटाच्या आतल्या अस्तराला छेद देऊन ठेवला. जखम भरायला शरीर तिथे आपणहून वाहिन्या धाडतं, मग तुकडे तिथेच बसवायचे. लावणीआधीची चिखलणी, मी म्हटलं. मुदतठेव पुन्हा ठेवली. मोडल्याचा दंड गेला तो गेलाच.

मे, जून, जुलै. एफएसएच खाली यायला चार-पाच महिने लागतात हे सांगितलं होतंत, तरी मी दर पंधरा दिवसांनी तुम्हाला फोन केला. एकदाही ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणाला नाहीत. जुलैअखेर सत्तरचे चाळीस झाले. लेक रात्री घामाने भिजून उठायची, ते कमी झालं.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी. सकाळी लेक-जावई आले. उकड मळून झाली होती, सारण तयार होतं. मी हाक मारली, तर ही स्वयंपाकघराच्या दारातच थबकली. ‘आई, मी आज मोदकांना हात नाही लावत.’ मला वाटलं, नेलपॉलिश लावली असेल, आळस असेल. दोन शब्द बोललेदेखील. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं. सहा वर्षं न ऐकलेलं वाक्य होतं ते.

माझ्या सासूबाई असत्या तर तिला खोलीबाहेर बसवलं असतं. मीही तीस वर्षं तेच करत आले. त्या दिवशी उकडीच्या हातांनी तिला धरून पाटावर बसवलं आणि म्हटलं, ‘मुकाट्याने कळ्या पाड.’

संध्याकाळी जावयाबरोबर तुमच्याकडे डोंबिवलीला डबा पाठवला. तुम्ही फोनवर विचारलंत, काकू, यातले निम्मे मोदक असे वाकडे का? ते तिचे होते.

तुमची,
काळाचौकीची काकू